एअरगनची सीलं, तेल आणि ग्रीस : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते. फुगे फोडायचा स्टॉल लावणाऱ्यांच्या बंदुका तेव्हा माझ्या ओट्यावर येऊन पडतात. त्याच बंदुका मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत जातात आणि तिथून परत दुरुस्तीला येतात. वैशाखातली तक्रार वेगळी आणि मार्गशीर्षातली वेगळी. मधल्या काळात कॉलेजची नेमबाज मुलं येतात आणि आजोबांची बंदूक माळ्यावर सापडलेलेही येतात. सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

भाऊ, बंदूक नुसती फुस्स करस. काय झालं असेल?

हवा छऱ्यामागे जायच्या ऐवजी दुसरीकडून निसटतेय. स्प्रिंगच्या बंदुकीत तिला निसटायला दोन जागा असतात. एक म्हणजे पिस्टनच्या तोंडावरचं वॉशर. सायकलच्या पंपात जसं कातडी वॉशर असतं तसंच ते, फक्त कामाला जास्त जुंपलेलं. दुसरी जागा नळी मोडते, म्हणजे छर्रा भरायला खाली वळते, त्या सांध्यातली ओरिंग, म्हणजे रबराची गोल कडी. लोक थेट वॉशरवर संशय घेतात आणि बंदूक उघडायला निघतात. माझ्याकडे येणाऱ्या ‘फुस्स’ बंदुकांत निम्म्या तरी फक्त ओरिंगच्या असतात.

आधी सांधा तपासा. खान्देशात कापसाला तोटा नाही. बोंडातला हलका पुंजका घ्या, सांध्याच्या वरच्या बाजूला अलगद ठेवा, छर्रा भरा आणि सुरक्षित मातीच्या ढिगाऱ्यावर एक फैर झाडा. पुंजका उडाला तर हवा तिथूनच जातेय. जागच्या जागी राहिला तरी थांबा. सांध्याच्या खालच्या बाजूलाही एकदा करून बघा, कारण ओरिंग बहुतेकदा एकाच अंगाने दबलेली असते. तिथेही उडाला नाही तर वॉशरकडे वळा.

ओरिंग बदलायची की नुसतं तेल लावून भागेल?

तडा गेला असेल, चपटी झाली असेल किंवा नखाने दाबल्यावर परत वर येत नसेल तर बदला. तेलाने मेलेलं रबर जिवंत होत नाही. ओरिंग चांगली असूनही खाली बसली असेल, तर तिच्याखाली पातळ कागदाची गोल चकती कापून घाला. ती काठापासून केसभर वर यायला हवी. फार वर आली तर नळी नीट बंद होणार नाही आणि जोर लावून बंद केली तर ओरिंग कापली जाईल. जुनी काढताना स्क्रूड्रायव्हर घालू नका. खाचेच्या कडेला एक ओरखडा पडला की नवी ओरिंगही गळते. प्लास्टिकची किंवा बांबूची टोकदार काडी पुरते.

नवी बसवली की सिलिकॉन ग्रीसचा बोटाला लागेल न लागेल एवढा हात फिरवा. तो हात उजेडात चमकला पाहिजे, पांढरा थर दिसला नाही पाहिजे.

कातडी वॉशर आहे की प्लास्टिकचं, हे न उघडता कसं ओळखायचं?

बंदूक कधीची आहे ते बघा. आजोबांच्या काळातली देशी बंदूक आणि यात्रेतल्या साध्या बंदुका बहुतेक कातडीवाल्या असतात. अलीकडच्या बंदुकांत त्या वॉशरच्या जागी पॉलियुरेथेनचं किंवा तत्सम प्लास्टिकचं, म्हणजे सिंथेटिक सील असतं. हवेच्या भोकातून, म्हणजे नळी मोडल्यावर मागे दिसणाऱ्या बारीक छिद्रातून, टॉर्च मारून पाहिलं तर कधीकधी रंग दिसतो. शंका राहिली तर सिंथेटिक समजून वागा. कातडीला चार दिवस तेल कमी पडलं तर ती थोडी रुसते, पण सिंथेटिकमध्ये तेल जास्त झालं तर खर्च येतो.

तिसरा प्रकार क्वचित येतो. फाइनवर्कबाउ ३०० सारख्या जुन्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलीत पिस्टनवर धातूची रिंग असते, मोटारसायकलच्या पिस्टनसारखी. तिला ‘वॉशर सुकलं’ हे निदान लागू होत नाही.

कातडी वॉशरला तेल किती आणि कसं घालायचं?

कातडं तेल पितं. पिऊन फुगलं की सिलेंडरच्या भिंतीला चिकटून बसतं आणि हवा धरतं. बंद माळ्यावर वीस वर्षं पडलेलं कातडं खडखडीत होतं, त्याला पहिला डोस मोठा लागतो.

बंदूक चढवू नका, म्हणजे स्प्रिंग ताणू नका. नळी थोडीच मोडा, हवेचं भोक वर येईल अशी बंदूक धरा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा. मग बंदूक रात्रभर भिंतीला टेकवून दस्त्यावर उभी ठेवा, तेल झिरपत वॉशरपर्यंत जातं. सकाळी नळी खाली करून निथळू द्या आणि नळीत ओघळलेलं तेल कपड्याने पुसा. पहिल्या पाच-सहा फैरींना थोडा धूर येईल, तो बंद झाला पाहिजे.

वापर रोजचा असेल तर पुढे महिन्याला एक-दोन थेंब पुरतात. जे हौसेने वर्षातून चार वेळा चालवतात त्यांनी चालवायच्या आदल्या रात्री एक थेंब घालावा.

नवं कातडी वॉशर बसवणार असाल तर आधी वाटीत तेल घेऊन रात्रभर बुडवून ठेवा. तेल कोमट चालेल, उकळतं नको. उकळत्या तेलात कातडं आकसून कडक होतं आणि मग ते कशालाच उपयोगी पडत नाही.

माझी नवी बंदूक सिंथेटिक सीलवाली आहे. मी दर रविवारी तेल घालतो. बरोबर आहे ना?

नाही. बंद करा.

सिंथेटिक सील तेल पीत नाही. तुम्ही घातलेलं तेल सीलच्या पुढे पडून राहतं, आणि पुढे पडून राहिलेल्या तेलाचं काय होतं ते खालच्या प्रश्नात आहे. त्या सीलला कारखान्यातून किंवा दुरुस्तीत लावलेला वंगणाचा पातळ हात हजारो फैरी पुरतो. बंदूक चढवताना ‘कुईं’ असा कोरडा आवाज यायला लागला तरच सिलिकॉन तेलाचा एक थेंब भोकातून घाला आणि दोन दिवस थांबून बघा.

बंदुकीतून धूर निघाला आणि फटाक्याच्या बारासारखा आवाज झाला. ताकद वाढली का?

ताकद त्या एका फैरीपुरती वाढली आणि आयुष्य कमी झालं. याला डिझेलिंग म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा जोरात दाबली की ती इतकी तापते की इंधन आपोआप पेटतं. तुमचा पिस्टनही पापणी लवायच्या आत हवा दाबतो, ती क्षणभर शेकडो अंशांवर जाते आणि समोर तेल असेल तर ते पेटतं. त्या स्फोटाचा धक्का पिस्टनला उलटा बसतो. सीलची कड जळते, स्प्रिंग मोडते, आणि आजचा छर्रा वर तर उद्याचा खाली जातो.

दुकानातून आणलेल्या कोऱ्या बंदुकीत पहिल्या दोन-चार डझन फैरींना हलका धूर आणि तेलकट वास येतो, तो कारखान्यातल्या तेलाचा असतो. घाबरू नका, जाईल. पण दिवाळीच्या फटाक्यासारखा आवाज आला तर थांबा आणि नळी व भोक कोरड्या कपड्याने पुसून घ्या.

हे मी पुस्तकात वाचून शिकलेलो नाही. माझे काका यात्रेत फुग्यांचा स्टॉल लावायचे. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. बंदूक मंद झाली म्हणून काका जेवायला गेले असताना मी मोपेडच्या इंजिन ऑइलची अर्धी टोपी भोकात ओतली. पहिल्या बाराला शेजारच्या रसवंतीवाल्याच्या हातातला पेला सांडला. तिसऱ्या बारानंतर बंदुकीने दम सोडला. आतलं कातडं काळं पडून कुरकुरीत झालं होतं. काका एवढंच म्हणाले, “तेल बंदूकले नको, तुना डोकाले लाव, पोऱ्या.” त्या रात्री त्यांनी जुन्या चपलेच्या कातड्याचं वॉशर कापून बसवलं आणि मी कंदील धरून उभा होतो.

घरात हे तेल आहे, चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि दर वेळी तेल नवीन असतं.

खोबरेल : नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. वैशाखात पाण्यासारखं, मार्गशीर्षात मेणासारखं. सारंगखेड्याहून परत आलेल्या एका बंदुकीतून मी खोबरेलाचा पांढरा गोळा काडीने उकरून काढलाय.

शेंगदाणा, करडई, सोयाबीन : नको. खाण्याची तेलं हवेशी संयोग पावून चिकट होतात. कढईच्या बाहेरच्या बाजूचा तपकिरी थर आठवा, तोच आत बसतो. एरंडेल बैलगाडीच्या आसाला उत्तम, इथे नको.

शिलाई मशीनचं तेल : कातडी वॉशरला चालतं, बिजागरीच्या पिनला चालतं, बाहेरून लोखंड पुसायलाही चालतं. सिंथेटिक सीलच्या पुढे नको.

डब्ल्यूडी-४० : गंज सोडवायला आणि बाहेरची घाण काढायला ठीक. बंदुकीत फवारू नका. त्यात पातळ करणारं द्रावण असतं. ते असलेलं ग्रीस धुऊन नेतं, उडून जातं आणि मागे तेलाच्या पातळ थरापलीकडे काही ठेवत नाही. वरून डिझेलिंग करतं ते वेगळंच.

कार चमकवायचा सिलिकॉन स्प्रे : नावात सिलिकॉन आहे म्हणून लोक फसतात. फवारा उडवायला त्यात पेट घेणारा वायू आणि द्रावण असतं. सीलसाठी बाटलीतलं शुद्ध सिलिकॉन तेल वेगळं मिळतं. ते ३०० अंशांच्या आसपासपर्यंत सहज पेट घेत नाही, म्हणून ते दाबाच्या बाजूला वापरतात.

ब्रेक ऑइल : कुणीतरी सांगतं की रबर फुगतं आणि गळती थांबते. बंदुकीतलं नायट्राइल रबर त्यात फुगतं आणि बिघडतं. चार दिवस गळती थांबेल, पाचव्या दिवशी रबराची भाकरी होईल.

मग सिलिकॉन तेलच सगळीकडे लावू?

तेही नको. सिलिकॉन तेल रबर आणि धातूमध्ये छान चालतं, पण लोखंडावर लोखंड घासतं तिथे त्याचा थर टिकत नाही. पिस्टनच्या अंगाला, स्प्रिंगला, चापाच्या खाचेला ते लावलं तर धातू धातूला खातो. तिथे काळं मॉली ग्रीस हवं, म्हणजे मोलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं. ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. पिस्टनच्या मागच्या कडेला आणि स्प्रिंगच्या आतल्या गाइडला (आधाराच्या दांडीला) बोटाने पुसट थर द्या. सीलच्या पुढे मॉलीचा कणही नको.

स्प्रिंग सुटल्यावर ‘टण्णण’ वाजत असेल तर गाइडवर थोडं घट्ट, चिकट ग्रीस लावतात, आवाज मरतो. पण गाडीच्या चॅसिसचं ग्रीस मूठभर भरलं तर थंडीत पिस्टन चिखलात चालल्यासारखा चालतो. धुळ्याकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा अशा बंदुका आळसावतात आणि लोक म्हणतात स्प्रिंग गेली.

रिकामी बंदूक दाबून बघितली तर काय बिघडतं?

स्प्रिंगच्या बंदुकीत बरंच बिघडतं. छर्रा असतो म्हणून हवा क्षणभर अडते आणि तिची गादी होऊन पिस्टन मऊ थांबतो. छर्रा नसेल तर पिस्टन थेट भिंतीवर आदळतो आणि सीलचं तोंड फुटतं. पाहुण्यांच्या मुलांच्या हातात बंदूक देताना हे आधी सांगा. तशीच ती चढवून ठेवणं हीही वाईट सवय आहे. स्प्रिंग बसते, आणि चुकून चाप ओढला गेला तर मोडलेली नळी झपकन वर येऊन बोटं चिरडते.

उन्हाळ्यात काही वेगळी काळजी?

जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बंद गाडीत त्याहून किती जास्त ते स्टीअरिंगला हात लावून बघा. पातळ तेल अशा उष्णतेत पुढे वाहत जातं. बंदूक नळी खाली करून कपाटात उभी असेल तर सगळं तेल नळीत उतरतं आणि पहिल्या फैरीला डिझेलिंग होतं. आडवी ठेवा.

उन्हाइतकीच वाईट धूळ. नदीपात्रातली बारीक वाळू ग्रीसवर बसली की ग्रीसचा पॉलिश पेपर होतो. यात्रेतल्या बंदुकांचे सिलेंडर बघा, आत उभ्या रेघा पडलेल्या असतात आणि त्या रेघांना कुठलंही वॉशर पुरत नाही. म्हणून स्टॉलवाल्यांना मी सांगतो की तेलाची बाटली घरी ठेवा आणि कपडा गल्ल्यावर ठेवा.

माझी पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेच्या टाकीवर चालणारी बंदूक) आहे. संध्याकाळी २०० बार (बार म्हणजे दाबाचं माप) भरली, पहाटे १९० दाखवते. सील गळतंय ना?

घाई करू नका, आधी थर्मामीटर बघा. बंद टाकीतल्या हवेचा दाब तापमानाबरोबर वरखाली होतो. ४० अंशांना २०० बार असेल तर पहाटे २५ अंशांना साधारण १९० बारच राहतो, एक कणही न गळता. शिवाय भरताना हवा तापते आणि नंतर निवते, तेव्हाही काटा उतरतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच तापमानाला काटा बघा. तेव्हाही खाली असेल तर गळती खरी.

मग सांध्यांना साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडे शोधा. भरायच्या जागेचा व्हॉल्व्ह, मीटरचा सांधा, टाकीचा आटा, याच क्रमाने. नळीच्या तोंडातून हवा येत असेल तर मुख्य व्हॉल्व्ह. बऱ्याचदा त्यावर एखादा कण अडकलेला असतो आणि दोन-चार रिकाम्या फैरींनी तो निघून जातो. पीसीपीत रिकामी फैर सहसा चालते, तरी आपल्या बंदुकीचं माहितीपत्रक बघा.

हाच हिशेब उलटाही लागतो. सावलीत ३० अंशांना काठोकाठ २०० बार भरलेली टाकी ६० अंश तापलेल्या गाडीत २२० च्या घरात जाते. उन्हाळ्यात थोडी कमीच भरा.

पीसीपीत कुठलं तेल घालू?

पेट्रोलियमचं कुठलंही तेल किंवा ग्रीस दाबाच्या बाजूला लावू नका. यात ‘थोडंसं चालतं’ असं काही नाही. हवेचा पाचवा हिस्सा प्राणवायू असतो. २०० बारच्या टाकीत त्याचा एकट्याचा दाब ४० बारच्या वर जातो, आणि अशा प्राणवायूत तेल पेटायला फार निमित्त लागत नाही. हातात टाकी असताना ते घडू नये.

ओरिंगला शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही कळेल न कळेल एवढं. अपवाद एकच : ओरिंगच सिलिकॉन रबराची असेल तर तिला सिलिकॉन ग्रीस फुगवतं. बंदुकीत सहसा नायट्राइल असतं, त्यामुळे अडचण येत नाही.

नेमबाज मुलांसाठी एक आठवण : मॅच रायफल-पिस्तुलाच्या सिलेंडरवर मुदतीची तारीख कोरलेली असते, बहुतेक जर्मन बनावटीच्या सिलेंडरांना १० वर्षं. मुदत संपलेलं सिलेंडर स्पर्धेत चालत नाही, ती जबाबदारी खेळाडूची असते. सील नवी टाकून टाकी नवी होत नाही.

पीसीपी भरायचा हातपंप लवकर खराब होतो.

दमून थांबता म्हणून तो टिकतो, जोमाने मारता म्हणून जातो. चाळीस-पन्नास हातांनंतर पाच मिनिटं थांबा, खालची नळी हाताला कोमट लागेपर्यंत. तापलेल्या पंपात ओरिंग मऊ होऊन चिरते. पावसाळ्यात हवेतलं पाणीही आत जातं, म्हणून मधेमधे दाब सोडून ते बाहेर काढा. उन्हाळ्यात भरायचं काम पहाटे उरका.

सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या) पिस्तुलाचं काय?

१२ ग्रॅमच्या दर दोन-तीन कार्ट्रिजना (गॅसच्या छोट्या कुप्यांना) एक थेंब, कार्ट्रिजच्या टोकावर. गॅस तो थेंब स्वतः आत नेतो. त्यासाठी बनवलेलं तेल मिळतं. कार्ट्रिज भरलेलं ठेवून आठवडाभर विसरू नका. कार्बन डायऑक्साइड नायट्राइल रबरात मुरतो आणि दाब सुटला की ओरिंग फुगलेली दिसते. लोक ती फेकून देतात. एक-दोन दिवस थांबा, बऱ्याचदा ती मापात येते.

आपल्याकडच्या उन्हात आणखी एक गंमत. ३१ अंशांच्या वर कार्ट्रिजमध्ये द्रव उरतच नाही, आणि पुढे दाब तापमानाबरोबर झपाट्याने चढतो. २० अंशांना ५७ बार असतो, मेमध्ये किती होतो ते पिस्तुलाचा अडकलेला व्हॉल्व्ह सांगतो. डॅशबोर्डवर ठेवू नका.

ओरिंग जळगावात मिळते का?

हायड्रॉलिकच्या दुकानात मिळते. जुनी सोबत न्या आणि आतला व्यास व दोऱ्याची जाडी व्हर्नियरने मोजून घ्या, ‘अंदाजे एवढी’ म्हणू नका. कडकपणाही सांगा : सांध्याला शोअर ७० चालते, पीसीपीच्या जास्त दाबाच्या जागी ९० लागते. ठिबकच्या दुकानातल्या ओरिंग स्वस्त आहेत आणि आपल्या गावात मुबलक आहेत, पण त्या दोन-चार बारच्या पाण्यासाठी बनवलेल्या असतात.

बंदूक घरी उघडू का?

बाहेरचे स्क्रू, दस्ता, सांध्याची ओरिंग, एवढं कुणीही करावं. स्प्रिंगमागची पिन काढायची असेल तर आधी स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा हवा. आत ती आधीच दाबून बसवलेली असते, पिन सुटली की मागचं लोखंडी बूच छातीवर येतं. सुताराच्या लांब क्लॅम्पचा शिकंजा बनवता येतो. ‘गुडघ्याने दाबून धरतो’ म्हणणाऱ्या एका गृहस्थाच्या छपराचा पत्रा मी पाहिलाय.

उघडलीच तर नवं सील बसवताना सिलेंडरच्या खाचेची धार त्याला कापत नाही ना ते बघा. धार मऊ घासा, सीलवर कागदाची पट्टी गुंडाळून आत सरकवा आणि मग पट्टी ओढून घ्या. माळ्यावरच्या जुन्या जर्मन बंदुकांत, उदाहरणार्थ वाल्थर एलजीव्हीत, पहिल्या पिढीची सिंथेटिक सीलं पडल्या पडल्याच भुगा होतात. ती उघडल्यावर खरवसासारखं काही निघालं तर तुमची चूक नाही.

लायसन्स लागतं का? आणि केळीतल्या माकडांना घाबरवायला चालेल का?

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत नळी आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असेल तर लायसन्स लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटरने गेला तर १० जूल होतात, म्हणजे साध्या बंदुका आतच बसतात. सील बदलताना जाड स्प्रिंग टाकून ही रेघ ओलांडू नका, असं काम मी घेत नाही.

माकड, मोर, पोपट यांच्यावर एकही छर्रा नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. कायदा नसता तरी दोन-चार जूलाच्या जखमेने जनावर मरत नाही, कुजतं.

यात्रेच्या आधी स्टॉलच्या दहा बंदुका आहेत. कमीत कमी काय करू?

दहाही नळ्या कोरड्या कपड्याने पुसा. सांध्यांना कापूस लावून बघा, ज्यांचा उडेल तेवढ्याच ओरिंग बदला. कातडीवाल्यांना आदल्या रात्री दोन थेंब घालून उभ्या ठेवा आणि सकाळी निथळवा. बिजागरीच्या पिनला एक थेंब. स्टॉल लावल्यावर तेलाची बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.